अव्वाला कडकच आवडते

परवा एका लग्नात जेवणाच्या मांडवात एक वेगळं टेबल मांडलं होतं. वर पाटी, 'सोलापूरची खासियत'. केळीच्या पानावर कडक भाकऱ्यांची चळत, बाजूला शेंगाची चटणी, दही, आणि फेटा बांधलेला वाढपी सगळ्यांना 'घ्या की, घ्या की' करत उभा. पुण्याहून आलेल्या एक बाई भाकरीचा तुकडा कुडुमकुडुम चावत मला म्हणाल्या, "तुमच्याकडच्या बायका किती हौशी हो! मुद्दाम अशा करून ठेवायच्या ना?"

हौशी! मी हातातलं ताट तिथंच ठेवलं आणि बाहेर येऊन खुर्चीवर बसले. मुलगी मागोमाग आली. "आई, भाकरीवर कसला गं राग?" भाकरीवर नाही गं बाई. भाकरीनं माझं काय घोडं मारलंय? पण घरी आले तरी डोकं शांत होईना. म्हणून हे लिहायला बसले आहे. कुणाला बोचलं तर बोचू दे.

आधी एक सांगून ठेवते, म्हणजे गल्लत नको. ती मांडवातली भाकरी वेगळी. ती मुद्दाम पातळ थापतात, वर तीळ लावतात, तव्यावर दाबून दाबून खरपूस वाळवतात. ती आमच्याकडेही व्हायची, संक्रांतीला, नाहीतर कुणी गावाला निघालं की. ती मलाही आवडते, खोटं कशाला बोलू? मी सांगतेय ती दुसरी. रोजची जाड भाकरी, काल उरलेली, सकाळी चुलीच्या कडेला उभी करून वाळवलेली. ती कुडुमकुडुम वाजत नाही. ती हिरडीत घुसते. आमच्या घरातल्या बायका वर्षानुवर्षं ती खात होत्या, आणि घरातले पुरुष वर्षानुवर्षं सांगत होते की यांना तीच आवडते.

आमचं घर सोलापुरात, पेठेत. पुढं अप्पांचं धान्याचं दुकान, मागं आम्ही. अप्पा म्हणजे माझे वडील. घरात कानडी, दुकानात मराठी, आणि भांडताना दोन्हीची खिचडी. आईला आम्ही अव्वा म्हणायचो. अप्पांच्या थोरल्या भावाची विधवा बायको आमच्याकडेच असायची, ती दोडव्वा. मोठी आई. ती अक्कलकोटकडच्या खेड्यातली, तिच्या बोलण्याला खेड्याची धार होती आणि स्वयंपाकघरात तिचाच शब्द चालायचा. माझा थोरला भाऊ अण्णा, कॉलेजात जाणारा. आणि मी, तेव्हा मॅट्रिकची परीक्षा देऊन घरी बसलेली. एवढीच माणसं. शिवाय अप्पांच्या दुकानात ज्वारी घालायला माढ्याकडनं, अक्कलकोटकडनं शेतकरी यायचे, ते कधीमधी जेवायला असायचे.

ज्वारीच्या पोत्यांवर झोपणारं घर हे. कशाला काही कमी नव्हतं. हे मुद्दाम सांगतेय, कारण गरिबीच्या नावावर पुष्कळ गोष्टी खपवल्या जातात. आमच्या घरी गरिबी नव्हती. रीत होती.

रीत अशी. रोज घरातल्या सगळ्यांना पुरतील इतक्या भाकऱ्या व्हायच्या. अप्पा आणि अण्णा आधी जेवायला बसायचे. अव्वा चुलीपुढं. तव्यावरनं टम्म फुगलेली भाकरी निघायची ती थेट त्यांच्या ताटात, वाफ निघतेय, वर लोण्याचा गोळा. कानडीत आम्ही तिला बिसी रोट्टी म्हणायचो. अप्पांना तर भाकरीचा पापुद्रा बोटाला चटका देणारा लागायचा, नाहीतर म्हणायचे, "ही मघाची दिसते." मघाची! पाच मिनिटांपूर्वीची.

ते उठले की आम्ही तिघी बसायचो. आमच्यासाठी दुसरी दुरडी होती, खालच्या फळीवरची. तिच्यात कालच्या. दोडव्वाचा नियम होता, कालची संपल्याशिवाय आजचीला हात लावायचा नाही. अन्न ते. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षंच झाली होती. रेशनवर आलेल्या परदेशी ज्वारीच्या, मिलोच्या, लाल भाकऱ्या लोकांनी कशा गिळल्या ते सगळ्यांनी पाहिलं होतं, त्यामुळं त्या नियमापुढं कुणाची बोलायची टाप नव्हती. मग आम्ही कालच्या खायचो. त्यामुळं आमच्या वाटच्या आजच्या तशाच उरायच्या. त्या झाकून ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या खालच्या दुरडीत. म्हणजे उद्या पुन्हा कालच्याच.

हे माझ्या लक्षात यायला इतकी वर्षं लागली याचाच मला राग येतो. उरतंय म्हणून आम्ही शिळं खात नव्हतो. आम्ही शिळं खात होतो म्हणून उरत होतं. सगळं घर आज जेवायचं, आणि आम्ही तिघी काल जेवायचो. धान्य तेवढंच, पीठ तेवढंच, सरपण तेवढंच. कुणाचा दमडीचा फायदा नाही. फक्त बायका एक दिवस मागं.

त्यात अव्वाच्या दाढांचं दुखणं निघालं. खालच्या दोन्ही बाजूंच्या दाढा किडल्या होत्या. गाल सुजून डोळ्यापर्यंत आलेला. लवंगा धरून झाल्या, तंबाखू धरून झाली, शेवटी अप्पाच तिला सायकलरिक्षातनं दातांच्या डॉक्टरकडं घेऊन गेले. दोन खेपांत दोन्हीकडच्या दाढा काढल्या. डॉक्टरांनी बजावून सांगितलं, कडक काही चावायचं नाही, जखम भरेपर्यंत मऊ आणि ताजं खायचं, नाहीतर पू होईल. अप्पांनी घरी येऊन ते सगळं नीट सांगितलं. दोडव्वाला म्हणाले, "वैनी, तिला मऊ काहीतरी करून घालत जावा." आणि दुकानात गेले. कुणी करायचं ते मऊ? चुलीपुढं बसणारी तीच की! सुजलेल्या गालाला फडकं बांधून संध्याकाळी भाकऱ्या थापायला तीच बसली.

तिच्या हातच्या भाकऱ्या सगळ्या घराला मऊसूत. आणि तिच्या ताटात खालच्या दुरडीतली.

"आमटीत भिजवून खा की," दोडव्वा म्हणाली. "आमाला काय दात हायेत? आमी खातोच न्हाय का?"

दोडव्वाला खरंच पुढचे दात नव्हते. ती आमटीत भाकरी कुस्करून हिरड्यांनी चघळायची. पण आमच्याकडची आमटी म्हणजे काळा मसाला आणि मिरचीचा तवंग. ती ताज्या जखमेवर गेली तशी अव्वा ताटावरनं उठून मोरीकडं धावली. भिंतीला डोकं टेकून उभी राहिली. परत आली आणि तिनं ते ताट बाजूला सारलं, वाडग्यात पाणी घेतलं, पाण्यात भाकरीचे तुकडे टाकले, वर मीठ. आणि बोटांनी दाबून दाबून गिळायला लागली. दही-ताक? ते अप्पांच्या आणि अण्णाच्या भातावर संपलेलं.

मी वरच्या दुरडीतली गरम भाकरी काढून तिच्यापुढं ठेवली. तिनं ती माझ्याच हातात परत दिली.

"समोर दोडव्वा कालची खात बसलीय. तिच्यासमोर मी गरम खाऊ? घास उतरंल का मला? आणि माझ्या वाटची कालची मग कोण खाणार, तू?"

हे बघा, ही खरी मेख होती. एकीनं ताजी खाल्ली की तिची शिळी दुसरीच्या ताटात. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, तसं. कुणा एकीला सुटायची सोय नव्हती. सुटायचं तर तिघींनी एकदम.

दोन दिवस मी नुसती धुमसत होते. तिसऱ्या दिवशी पीठ मळताना एकदम डोक्यात आलं. अगं बाई, केवढीशी तर गोष्ट! एक संध्याकाळ, फक्त एक संध्याकाळ कमी भाकऱ्या थापायच्या आणि कालच्या सगळ्यांनी मिळून संपवायच्या. अप्पांच्या ताटात एक शिळी, अण्णाच्या ताटात एक शिळी, उरलेल्या आमच्या. बस. दुसऱ्या दिवशी खालची दुरडी रिकामी. मग कायमचं सगळं घर ताजं खाईल. पुरुषांनी जन्मात एक शिळी भाकरी खायची, की तीन बायकांचा जन्म सुटला. याहून स्वस्त सौदा पेठेत कुणी कधी केला असेल का, सांगा.

मी आधी अव्वाला सांगितलं. ती गालाला हात लावून हसली. "येडी हायस तू." पण तिनं दोनदा विचारलं, म्हणजे कसं, पुन्हा सांग. मी पुन्हा सांगितलं. ती तव्याकडं बघत बसली.

मग अण्णाला सांगितलं. तो कॉमर्सला, आकडेमोडीत हुशार. त्याला लगेच समजलं. "बरोबर आहे की तुझं! कॅरी फॉरवर्ड होतंय ते." मला वाटलं, चला, एक माणूस तरी आपल्या बाजूला. म्हटलं, मग आज खाशील ना एक? तर म्हणतो, "मी? मला शिळ्यानं पोट दुखतं गं. आणि अव्वाला कडकच आवडते, तू उगाच कशाला..."

पोट दुखतं! मेल्या, आम्हाला काय पोटं नव्हती? बरोबर आहे म्हणणारा हा, आणि आपली एक भाकरी सोडायला तयार नाही. मला तर जो 'नाही' म्हणतो त्याच्यापेक्षा हा 'बरोबर आहे'वाला जास्त चीड आणतो.

दोडव्वाला म्हटलं, निदान एक दिवस कालच्या गाईला घालू. ती अशी उसळली की विचारू नका. "शिवशिवा! जोंधळ्याची भाकरी गाईला? माणसं मिलो खाऊन जगली, विसरलीस व्हय? तुज्या जिभेला लई चोचले सुटलेत. उद्या सासरी गेलीस की कळंल, कालची तरी मिळतीय का ते." मी म्हटलं, मग सगळ्यांनी खाऊ की, अप्पांनी पण. तर ती माझ्याकडं अशी बघायला लागली की जणू मी अप्पांना शेण खायला सांगतेय. जे अन्न गाईला घालण्याइतकं हलकं नव्हतं, ते पुरुषाच्या ताटात वाढण्याइतकं वर पण नव्हतं. त्या अन्नाला जागा एकच, आमचं ताट.

राहता राहिले अप्पा. ते दुकानात गादीवर बसले होते, कपाळावर विभूतीचे पट्टे. सकाळी हातावर लिंग घेऊन पूजा केल्याशिवाय पाण्याचा घोट घ्यायचे नाहीत. गिऱ्हाइकांना नेहमी सांगायचे, "आमच्यात बघा, बाईच्या पण गळ्यात लिंग असतं. आमच्या धर्मात बाई-पुरुष भेद नाही." खरंच होतं ते. अव्वाच्या गळ्यात होतं, दोडव्वाच्या होतं, माझ्याही होतं. देवानं भेद केला नव्हता. तो दुरड्यांनी केला होता.

अप्पांनी सगळं ऐकून घेतलं. चिडले नाहीत. अप्पा चिडायचेच नाहीत कधी, तीच तर पंचाईत. माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तुला शिळी नको वाटते का? मग तू ताजी खात जा की. तुला कुणी अडवलंय?"

"माझं नाही अप्पा. अव्वाचं तोंड पिकलंय."

"तिला पण कोण अडवलंय? तिनं खावी की ताजी. पण तिला कडकच आवडते. पहिल्यापासनं. मी लग्न झाल्यापासनं बघतोय."

बघताय! काय बघताय? ती जेवायला बसायची तेव्हा तुम्ही दुकानात असायचात, नाहीतर आडवे झालेले असायचात. बायकोला जेवताना त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. हे मी तेव्हा बोलले नाही. आता बोलतेय.

त्या दिवशी अव्वाला ताप भरला. एका बाजूची जखम चिघळली होती, तोंडाला वास येत होता. ती आत पडून राहिली आणि चुलीपुढं मी बसले. दोडव्वा शेजारी कुणाकडं तरी गेली होती. मी ठरवलं, आता कुणाला विचारायचं नाही. विचारून विचारून बघितलं. भाकऱ्या मोजक्या थापल्या. अप्पा आणि अण्णा येऊन बसले. मी दोघांच्या ताटात आधी एकेक कालची वाढली, चुलीवर पुन्हा शेकून, तूप लावून. बाजूला आमटी, कांदा, शेंगाची चटणी. आणि म्हटलं, "ही एवढी एकच खावा. मग गरम देते. आज सगळ्यांनी मिळून कालच्या संपवायच्या."

अप्पांनी भाकरीला बोट लावलं. बोट मागं घेतलं. माझ्याकडं बघितलं नाही, ताटाकडं पण नाही. ताटाभोवती फिरवलेलं पाणी अजून वाळलं नव्हतं. "मला भूक नाही," म्हणाले, आणि उठले.

ताटावरनं उठले! आमच्या घरात वाढलेल्या ताटावरनं उठणं म्हणजे काय, हे ज्याला माहीत आहे त्यालाच कळेल. त्यापेक्षा मला दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं. अण्णानं माझ्याकडं बघितलं, अप्पांच्या पाठीकडं बघितलं. तव्यावर भाकरी फुगली होती, त्याचं लक्ष तिच्याकडं होतं. मग तोही उठला. दोघांनी चपला घातल्या आणि बाहेर पडले.

कुठं गेले? खानावळीत. तिथं गरम भाकरी मिळते ना! पोटभर जेवून आले. अण्णानं मला दुसऱ्या दिवशी आपणहून सांगितलं, वर म्हणाला, "तिथली आमटी आपल्यासारखी नाही गं." म्हणजे मी आता आमटीचं कौतुक ऐकून खूश व्हायचं होतं.

आणि घरात काय झालं? कालच्या तशाच राहिल्या. अप्पांच्या वाटच्या गरम राहिल्या, अण्णाच्या राहिल्या. तापानं अव्वानं खाल्लं नाही, दोडव्वानं कपाळावर हात मारून घेतला आणि तीही उपाशी निजली, मीही जेवले नाही. सकाळी खालची दुरडी शिगोशिग. रोज होतं त्याच्या दुप्पट शिळं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. पुरुष रुसले, आणि त्यांच्या रुसण्याच्या भाकऱ्या पण आम्हीच खाल्ल्या.

दोडव्वा म्हणाली, "घे. भोग आता."

अव्वा माझ्यावर ओरडली असती तर मी तिच्याशी भांडले असते. पण ती ओरडली नाही. ताप उतरल्यावर उठून बसली, त्या दुरडीकडं बघितलं, वाडग्यात पाणी घेतलं, मीठ घातलं. मी रडायला लागले तशी म्हणाली, "गप की. हिशेब बरोबर केला होतास तू. माझ्या लक्षात आला होता."

"मग तू का नाही बोललीस अप्पांना? एकदा सांग ना, मला कडक आवडत नाही म्हणून!"

ती बोट वाडग्यात फिरवत राहिली. "नवी नवरी होते तेव्हा त्यांनी एकदा विचारलं, तू कालची का खातेस. सासू दारात उभी. काय सांगणार? म्हटलं, मला कडकच आवडते. त्यांनी ते खरं धरलं." वाडगं जवळ ओढून म्हणाली, "मग आता कसं बदलायचं?"

एक वाक्य! सासू दारात उभी होती म्हणून नव्या नवरीनं घाबरून बोललेलं एक वाक्य. आणि या माणसानं ते जन्मभर जपून ठेवलं, कारण ते त्यांच्या सोयीचं होतं. तिनं दुसऱ्या हजार गोष्टी सांगितल्या असतील, त्यातली एक तरी लक्षात ठेवली का? अहो, मऊ लागलं म्हणून कोपरानं खणू नये. पण इथं खणता खणता विहीर झाली.

जखम भरली, पण फार दिवस लागले. अजून एक दाढ गेली. नंतर अव्वा समोरच्या दातांनी सशासारखं कुरतडत जेवायची. जेवायला एवढा वेळ लागायचा की मध्येच कुणीतरी हाक मारायचं आणि ती ताट तसंच ठेवून उठायची. मी त्या घरात परत कधी भाकरीचा विषय काढला नाही. पुढच्या वर्षी माझं लग्न झालं आणि मी होटगीला गेले. नवरा रेल्वेत. पहिल्याच दिवशी त्यांना सांगितलं, या घरात दुरडी एकच राहील. ते म्हणाले, बरं. त्यांना त्यात काय आहे ते कळलं पण नसेल.

अव्वाला मी कितीदा बोलावलं, चार दिवस राहायला ये. ती यायची नाही. घरात भाकऱ्या कोण करणार?

ते दशक सरायच्या आतच ती गेली. कावीळ झाली आणि पंधरवड्यात संपली. डॉक्टर म्हणाले, अंगात झुंजायला काही शिल्लकच नव्हतं. आम्ही लोक माणूस पुरतो, आणि दिवसांना समाधीवर नैवेद्य नेतो. गेलेल्या माणसाला जे आवडायचं ते त्या ताटात ठेवायचं. मी माहेरी होतेच. सकाळपासनं दोडव्वा ताट भरत होती. भात, आमटी, हुग्गी म्हणजे गव्हाची खीर, वांग्याची भाजी.

तेवढ्यात अप्पा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आले. जेवायची वेळ सोडून मी जन्मात त्यांना तिथं उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. डोळे लाल, दाढी वाढलेली, माणूस निम्मा झालेला. रडका आवाज. म्हणाले, "वैनी, कडक भाकरी ठेवा. तिला लई आवडायची. दोन ठेवा."

मागनं अण्णा म्हणाला, "हो. अव्वाला कडकच आवडायची."

आणि दोडव्वानं खालच्या दुरडीतनं दोन काढल्या. होत्या ना तिथं. कुठं जाणार होत्या? ताटात, हुग्गीच्या शेजारी ठेवल्या.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. माणसं भरलेली, सुतकी घर, काही बघितलं नाही मी. ताटातल्या त्या दोन्ही भाकऱ्या उचलल्या आणि फळीवर आपटल्या. काठवट ओढली, पीठ घेतलं, चूल पेटवली. पहिली थापताना फाटली. दुसरी फुगली. ती तव्यावरनं काढली तशी ताटात घातली, वर लोणी. फडकं टाकून ताट मीच उचललं आणि कुणाच्या हातात न देता समाधीपर्यंत मीच नेलं. लोकांनी काय म्हणायचं ते म्हटलं असेल. ती मेल्यावर का होईना, आजची जेवली.

परत आल्यावर पंगत बसली. अप्पा आणि अण्णा पुढं. वाढायला मी. वरच्या दुरडीत गरम भाकऱ्या होत्या, दोडव्वानं थापलेल्या. मी फळीवर आपटलेल्या त्या दोन कडक भाकऱ्यांतली एक घेतली आणि अप्पांच्या ताटात ठेवली. शेकली नाही, तूप लावलं नाही.

"ताजी नाही का?" अप्पांनी विचारलं. सवयीनं. रागानं नाही.

"आहे की. पण कालची संपल्याशिवाय आजचीला हात लावायचा नाही. अन्न आहे."

मला वाटलं, आता उठतील. अण्णानं मान खाली घातली. दोडव्वानं चुलीपुढनं मान वर केली. अप्पा उठले नाहीत. त्यांनी भाकरी हातात घेतली आणि मोडायला गेले. ती मोडेना. ती कशी मोडायची असते हे त्यांना ठाऊकच नव्हतं. दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा एकदम तुटली आणि तुकडे ताटाबाहेर उडाले. एक तुकडा तोंडात घातला. चावत राहिले, चावत राहिले. गाल आतनं टोचत असणार, कारण त्यांनी जबड्याला हात लावला. आमटीत बुडवला, तरी गिळता येईना. पाण्याचा घोट घेतला. डोळ्यांत पाणी आलं, ते मिरचीनं का कशानं, मी विचार करायच्या भानगडीत पडले नाही.

मग माझ्याकडं बघून अगदी हळू म्हणाले, "ही तिला आवडायची कशी गं?"

"नव्हती आवडत," मी म्हणाले, आणि दुसरी वाढली.